दिवंगत सहकाऱ्याचे स्मरण

(केंद्रातील शिक्षकांच्या ऑगस्ट महिन्याच्या संमेलनात एका मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'दिवंगत सहकाऱ्यास श्रद्धांजली' असा विषय लिहिला आहे. मी काही वक्ता नाही. ज्यांच्याविषयी बोलावयाचे त्या गुरुजींबरोबर मी नऊ वर्षे एका छपराखाली काम केले, एवढ्याच अधिकाराने मी येथे उभा आहे. त्यांचे नाव मी घेणार नाही. आपणा सर्वांना ते ठाऊक आहे. आणि चारचौघांत आपले नाव निघाले की मान खाली घालून हातातला खडू चाळवीत बसण्याची त्यांची सवयही आपणास ठाऊक आहे. त्यांना अवघडल्यासारखे होईल असे काही आज आपण करू नये.

जुलै महिन्यातील एका रविवारी रात्री त्यांच्या छातीत कळ आली. गाडी मिळवून तालुक्याच्या गावी नेत असता वाटेतच सारे आटोपले. वय अवघे चव्वेचाळीस. शनिवारी शाळा सुटताना ते मला म्हणाले होते, "सोमवारी जरा लवकर येतो. तिसरीचा भागाकार पुन्हा घ्यावयाचा आहे." सोमवारी पहाटे त्यांच्या धाकट्या भावाने माझे दार ठोठावले.

आपल्या केंद्रसभेने दुखवट्याचा ठराव केला. त्यात त्यांना 'मनमिळाऊ', 'सालस' आणि 'कर्तव्यदक्ष' असे म्हटले आहे. हे शब्द खरे आहेत. परंतु असे शब्द आपण बहुतेक प्रत्येक ठरावात घालतो, आणि ठराव वाचून झाला, दोन मिनिटे उभे राहून झाले, की पुढचा विषय सुरू होतो. यात कोणाचा दोष आहे असे मला म्हणावयाचे नाही. कामकाज चाललेच पाहिजे. तथापि त्या शब्दांच्या मागे काय होते ते मला त्यांच्या मृत्यूनंतर कळले, आणि जे कळले ते आपणापुढे ठेवणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

आमची शाळा द्विशिक्षकी. गावाच्या पलीकडे ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे एक वस्ती आहे. त्या वस्तीवरची सतरा मुले शाळेत येतात. पावसाळ्यात ओढ्याच्या फरशीवरून गुडघाभर पाणी वाहते. तरीही आमच्या हजेरीपटात पावसाळ्यातही या मुलांची हजेरी चांगली लागत असे. शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी एकदा शेरेबुकात तसा शेराही लिहिला होता, आणि मुख्याध्यापक या नात्याने त्याचे श्रेय मी निमूटपणे घेतले होते. गुरुजी गेल्यानंतरच्या आठवड्यात वस्तीवरचे एकही मूल शाळेत आले नाही. मला वाटले, दुःखामुळे पालकांनी मुलांना घरी ठेवले असेल. चौथ्या दिवशी मी वस्तीवर गेलो. तेथे एका आजीबाई मला म्हणाल्या, "पोरं पाठवायची कशी? हात धरणारा मास्तरच न्हाई ऱ्हायला." तेव्हा मला कळले की पावसाळ्यात रोज सकाळी शाळेपूर्वी आणि सायंकाळी शाळेनंतर गुरुजी ओढ्यावर उभे राहात आणि एकेका मुलाला फरशी पार करून देत. ते लवकर येतात हे मला माहीत होते. कशासाठी येतात हे मी नऊ वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

दुसरी गोष्ट सांगावयास मला जड जाते. शाळेचे कोणतेही पत्रक, कोणतीही शिरगणती, कोणतीही यादी आली की मी ती गुरुजींच्या पुढे सरकवीत असे. त्यांचे अक्षर सुबक, बेरीज बिनचूक, आणि तोंडात 'नाही' हा शब्द नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते मला सहज म्हणाले की, अलीकडे चढ चढताना दम लागतो. मी म्हणालो, "एवढे पत्रक आटोपा आणि मग एकदा तालुक्याला डॉक्टरांना दाखवून या." पत्रक वेळेवर गेले. डॉक्टरांकडे जाणे राहून गेले. ते आधी गेले असते तर वाचले असते की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी मी पत्रक आधी आणि माणूस नंतर असा क्रम लावला, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

त्या दिवसांत माझे कशातच लक्ष लागत नव्हते. स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनानंतर मुलांना काय सांगावे, याची तयारी तर करावयाची होती. म्हणून शाळेच्या कपाटातील पुस्तके काढून बसलो, आणि १५ ऑगस्ट या तारखेपाशी मला एक वेगळेच नाव आढळले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, हे आपण दरवर्षी सांगतो. त्याच्या बरोबर पाच वर्षे आधी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, पुण्यातील आगाखान राजवाड्यात महादेवभाई देसाई यांचे एकाएकी निधन झाले. गांधीजींचे चिटणीस म्हणून आपण त्यांचे नाव ऐकलेले असते; बहुधा त्याहून अधिक काही ठाऊक नसते. त्यांच्याविषयी वाचताना मला माझ्या सोबत्याची वारंवार आठवण झाली. लहानाची मोठ्याशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. परंतु एक मोठा माणूस आपल्या सोबत्याच्या मृत्यूला कसा सामोरा गेला, हे पाहिल्यावर आपण काय करावे ते मला थोडेसे दिसू लागले.

महादेवभाईंचा जन्म १ जानेवारी १८९२ रोजी सुरत जिल्ह्यातील सरस या खेड्यात झाला. त्यांचे वडील हरिभाई हे आपल्यासारखेच शिक्षक होते. महादेव सात वर्षांचा असतानाच आई वारली. शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारात मुलगा शिकला, मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाला, १९१३ साली वकिलीची परीक्षाही उत्तीर्ण झाला. काही काळ सहकारी बँकेत निरीक्षकाची नोकरी केली. त्या निमित्ताने खेडोपाडी हिंडणे झाले. १९१५ साली गांधीजी अहमदाबादेस येऊन राहिले, तेव्हा महादेवभाई आणि त्यांचे वकिलीच्या दिवसांपासूनचे स्नेही नरहरी परीख हे दोघे त्यांच्याकडे जाऊ लागले. दोघेही पुढे आश्रमाचे झाले. नरहरीभाई आश्रमाच्या शाळेत शिक्षक झाले, आणि महादेवभाई नोव्हेंबर १९१७ मध्ये गांधीजींच्या कामात रुजू झाले ते अखेरपर्यंत.

चिटणीस म्हणजे पत्रे लिहिणारा, अशी आपली समजूत असते. महादेवभाईंनी पत्रे तर लिहिलीच. पण त्याबरोबर काय काय केले ते पाहिले म्हणजे मन थक्क होते. गांधीजींच्या मुलाखती, भाषणे, संभाषणे ते टिपून घेत आणि रात्री किंवा पहाटे ती स्वच्छ लिहून काढीत. गांधीजींच्या आत्मकथेचे इंग्रजी भाषांतर मुख्यतः त्यांच्याच हातचे. १९२१ साली मोतीलाल नेहरूंचे 'इंडिपेंडंट' हे वृत्तपत्र चालविण्यास त्यांना अलाहाबादला पाठविण्यात आले. सरकारने छापखाना जप्त केला तेव्हा त्यांनी ते पत्र हस्तलिखित काढले, आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. १९२८ च्या बारडोली सत्याग्रहाचा इतिहास त्यांनी लिहिला. बेळगावच्या तुरुंगात असताना गांधीजींच्या गीतेवरील ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. बंगाली शिकून त्या भाषेतील पुस्तके गुजरातीत आणली. आणि हे सारे सांभाळून आश्रमातील झाडलोट, पाहुण्यांची व्यवस्था, आजाऱ्याची शुश्रूषा, यांपैकी कोणतेही काम त्यांनी हलके मानले नाही. त्यांचे अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे होते. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या शाळेचा हजेरीपट आला.

अशा माणसावर सगळ्यांचा लोभ असतो, आणि ज्याच्यावर सगळ्यांचा लोभ असतो त्याच्यावरच सगळ्यांच्या कामाचा भारही पडतो. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी राहावयास गेले. त्याच शेगावचे पुढे सेवाग्राम झाले. महादेवभाईंचे बिऱ्हाड मात्र काही काळ वर्ध्यास मगनवाडीतच होते. तेथून शेगाव सुमारे पाच मैल. वर्ध्याच्या उन्हाची कल्पना विदर्भातील माझ्या बंधूंना मी देण्याची गरज नाही. त्या उन्हातून कागदपत्रे घेऊन ते रोज पायी जात आणि पायी परत येत. पुढे अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली, रक्तदाब जडला. तरी काम सुटले नाही.

सोबत्यांमध्ये मतभेद आणि मनाला लागणारे प्रसंगही येतात, हे येथे सांगितले पाहिजे. नाही तर स्मरण म्हणजे केवळ स्तुती होऊन बसते. मार्च १९३८ मध्ये ओरिसातील देलांग येथे गांधी सेवा संघाची परिषद होती. तेथून जवळच असलेल्या पुरीच्या जगन्नाथाच्या मंदिरात कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या पत्नी दुर्गाबेन दर्शनास गेल्या. त्या मंदिरात हरिजनांना त्या वेळी प्रवेश नव्हता. गांधीजींना अतिशय दुःख झाले. ज्या बायकांना या गोष्टीचे मर्म समजावून सांगावयास हवे होते त्यांना ते सांगितले गेले नाही, याचा दोष त्यांनी स्वतःकडे घेतला आणि महादेवभाईंनाही दिला. महादेवभाई इतके व्यथित झाले की आपल्याला कामातून मोकळे करावे असे त्यांनी गांधीजींना लिहिले. गांधीजींनी त्यांना जाऊ दिले नाही. महादेवभाईंनी हा सारा प्रसंग 'हरिजन' पत्रात स्वतः प्रसिद्ध केला, काही झाकून ठेवले नाही. आणि दोघांचे काम पुन्हा पूर्ववत् सुरू झाले. आपल्या शाळांतूनही एखाद्या शब्दावरून दोन शिक्षकांत वर्षानुवर्षे अबोला राहिलेला आपण पाहतो. मृत्यू काही तो अबोला मिटेपर्यंत थांबत नाही.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईस गांधीजी, महादेवभाई आणि मीराबेन यांना अटक झाली आणि त्यांना पुण्यास आगाखान राजवाड्यात आणून ठेवण्यात आले. सरोजिनी नायडू याही तेथे होत्या. एक-दोन दिवसांत कस्तुरबा आणि डॉ. सुशीला नय्यर यांनाही आणले गेले. या खेपेस गांधीजी आमरण उपवास आरंभतील काय, या चिंतेने महादेवभाईंना घेरले होते, असे त्यांच्या जवळच्या माणसांनी लिहून ठेवले आहे. अटकेनंतर सहाव्या दिवशी, १५ तारखेच्या सकाळी, बोलता बोलता त्यांना घेरी आली आणि काही मिनिटांतच प्राण गेला. वय पन्नास.

गांधीजी त्या वेळी बहात्तर वर्षांचे होते. ते धावत आले. त्यांनी महादेवभाईंना मोठ्याने हाका मारल्या. महादेवने एकदा डोळे उघडून आपल्याकडे पाहिले असते तर तो उठून उभा राहिला असता, कारण जन्मात त्याने आपला शब्द कधी मोडला नव्हता, असे त्यांना वाटत होते. नंतर त्यांनी आपल्या हातांनी ते शरीर धुतले. बाहेर नेण्याची परवानगी नव्हती. सेवाग्रामला असलेल्या दुर्गाबेनना आणि सतरा वर्षांच्या मुलाला, नारायणला, अंत्यदर्शन घडले नाही. राजवाड्याच्या आवारातच चिता रचण्यात आली, आणि धाकट्याच्या चितेला थोरल्याने अग्नी दिला.

त्यानंतर गांधीजींनी काय केले, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मे १९४४ मध्ये सुटका होईपर्यंत ते जवळजवळ रोज त्या जागी जात, फुले वाहात आणि गीतेचा बारावा अध्याय म्हणत. फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबांचेही तेथेच देहावसान झाले आणि महादेवभाईंच्या शेजारी त्यांचे दहन झाले. आज पुण्यास गेलात तर त्या दोन्ही समाध्या शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. शाळेची सहल पुण्यास नेली तर शनिवारवाड्याबरोबर मुलांना ही जागाही अवश्य दाखवावी, आणि तेथे थोडा वेळ शांत बसवावे. गांधीजींना कामे कमी नव्हती. तरी एका सोबत्याच्या आठवणीसाठी त्यांनी दिवसातली ठरावीक वेळ बाजूला काढून ठेवली. आपण दुःख विसरण्यासाठी कामात बुडून जातो. त्यांनी स्मरणालाच नित्यकर्मांत स्थान दिले.

दुसरी गोष्ट नरहरीभाईंची. महादेवभाईंनी १३ नोव्हेंबर १९१७ पासून रोजनिशी ठेवली होती, आणि तिची शेवटची तारीख आहे १४ ऑगस्ट १९४२. म्हणजे मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत. या वह्यांचा ढीग मागे राहिला. तो वाचावयाचा, लावावयाचा, छापण्याजोगा करावयाचा, हे काम नरहरी परीख यांनी अंगावर घेतले. आपल्या तरुणपणापासूनच्या मित्राची वही उघडून रोज तीच पाने वाचणे, त्यातील तारखा आणि नावे जुळविणे, हे किती जिव्हाळ्याचे आणि किती कठीण काम असेल! १९४८ पासून रोजनिशीचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. १९५५ साली, म्हणजे महादेवभाईंच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, त्या रोजनिशीला गुजराती भाषेसाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९५७ साली नरहरीभाईही गेले. पुढचे भाग दुसऱ्यांनी संपादित केले. मुलगा नारायण मोठा झाला, स्वतः शिक्षक आणि समाजसेवक झाला, आणि त्याने वडिलांचे मोठे चरित्र लिहिले. अर्धे राहिलेले काम एकाने उचलले, त्याच्या हातून दुसऱ्याने घेतले.

आता मी आमच्या शाळेकडे परत येतो.

गुरुजी गेल्यानंतरच्या सोमवारी मी त्यांचे टेबल उघडले. त्यात त्यांची टाचणवही होती. सोमवारचे टाचण त्यांनी शनिवारीच लिहून ठेवले होते: इयत्ता तिसरी, गणित, दोन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. साधने म्हणून चिंचोके लिहिले होते, आणि चिंचोक्यांची पुरचुंडी खणात तयार होती. समासात बारीक अक्षरांत नोंदी होत्या. एका मुलापुढे लिहिले होते, 'लांबचे दिसत नाही, पुढे बसविणे.' दुसऱ्यापुढे, 'सकाळी उपाशी येतो.' एका मुलीपुढे, 'विचारले तर बोलत नाही. फळ्यावर बोलावले तर सोडविते.' मी नऊ वर्षे त्या वहीवर दर आठवड्यास 'पाहिले' असे लिहून सही करीत होतो. समास मी वाचला नव्हता.

त्या दिवशी मी तोच पाठ त्याच चिंचोक्यांनी घेतला. ज्या मुलीविषयी नोंद होती तिला फळ्याजवळ बोलावले. तिने भागाकार सोडविला, खडू खाली ठेवला आणि विचारले, "गुरुजी कधी येणार?" मी गडबडलो आणि म्हणालो, "येतील, गावाला गेले आहेत." वर्गातल्या निम्म्या मुलांनी अंत्ययात्रा पाहिली होती. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही. मुलांना दुःख होऊ नये म्हणून मी खोटे बोललो, असे मी स्वतःला समजावले. खरे पाहता मलाच ते वाक्य उच्चारावयाचे नव्हते. दुसऱ्या दिवशी मी सर्व मुलांना एकत्र बसविले आणि सांगितले की, गुरुजी वारले. ते आता परत येणार नाहीत. काल मी चुकीचे सांगितले. काही मुले रडली. मीही रडलो. मग प्रत्येकाने गुरुजींची एक एक आठवण सांगितली. त्यानंतर मुले पुन्हा अभ्यासाला लागली. मुले सत्य सोसतात. आपण त्यांना सोबत मात्र दिली पाहिजे.

बंधु-भगिनींनो, या अनुभवावरून चार गोष्टी मी आपणापुढे नम्रपणे ठेवतो.

पहिली गोष्ट कामाच्या वाटणीची. प्रत्येक शाळेत एक साधी वही ठेवावी आणि तीत कोण काय करतो ते लिहावे. नेमून दिलेले काम तर लिहावेच, पण न नेमता जे केले जाते तेही लिहावे: ओढ्यावर कोण उभे राहते, पाण्याचा माठ कोण भरवून घेतो, आजारी मुलाच्या घरी कोण जाते. ही वही तपासणीसाठी ठेवावयाची नाही. तिच्यामुळे भार कोणावर किती पडतो ते आपल्याला दिसेल, आणि एक माणूस गेला तर मुलांची वाट बंद पडणार नाही. जो 'नाही' म्हणत नाही त्याच्याकडे आणखी एक काम देण्यापूर्वी ही वही एकदा उघडून पाहावी.

दुसरी गोष्ट प्रकृतीची. सोबती 'दम लागतो', 'छातीत भरून येते' असे सहज म्हणाला तर ते सहज घेऊ नये. त्याच दिवशी त्याच्या वर्गाची जबाबदारी आपण घ्यावी आणि त्याला डॉक्टरांकडे पाठवावे. शक्य तर कोणी बरोबर जावे. पत्रक एक दिवस उशिरा गेले तर फार तर एक ठपका येईल. तो सोसावा.

तिसरी गोष्ट घरच्या माणसांची. दुखवट्याचा ठराव पोहोचविला की आपले काम संपले असे मानू नये. सेवापुस्तकातील नोंदी, नामनिर्देशन, थकलेला पगार, भविष्य निर्वाह निधी, कुटुंबाला लागू असेल ते निवृत्तिवेतन, वारसाचा दाखला, या कागदांची माहिती आपल्याला असते. दुःखात बुडालेल्या घराला नसते. आमच्या वहिनींबरोबर पंचायत समितीच्या कार्यालयात दोन शिक्षकांनी आळीपाळीने जावे असे आम्ही ठरविले आहे. आपणही आपले स्वतःचे नामनिर्देशन भरलेले आहे की नाही, ते या महिन्यात पाहून घ्यावे. मी पाहिले, तेव्हा माझेच भरावयाचे राहिले होते.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आहे, आणि तीच आपल्या हातून होत नाही. सोबत्याचे चांगले काम दिसले की ते त्याला सांगावे. मृत्यूनंतर आम्ही गुरुजींविषयी जे बोललो त्यातले एक वाक्य जरी त्यांच्या हयातीत बोललो असतो, तरी त्यांनी मान खाली घातली असती, खडू चाळविला असता, पण घरी जाताना त्यांना बरे वाटले असते. आज सायंकाळी आपण आपापल्या शाळांकडे परत जाल. तेथे आपल्याबरोबर काम करणारे कोणी तरी असेल: एखादे उपशिक्षक, एखादी बालवाडीची ताई, शाळा झाडणारी एखादी मावशी. त्यांच्याविषयी काही सांगावयाचे असेल तर संमेलनाची वाट पाहू नका.

ओढ्याचे काय झाले, असे आपण विचाराल. ग्रामसभेत मी हा विषय मांडला. वस्तीवरचे दोन पालक आणि मी, असे तिघे आता पाळीपाळीने फरशीवर उभे राहतो. पुलासाठी अर्ज केला आहे. बुधवार आणि शुक्रवार हे माझे दिवस आहेत. पहिल्या दिवशी मी पाण्यात उतरलो तेव्हा एका लहान मुलाने मला सांगितले, "गुरुजी, इथं दगड हलतो, तिथनं या." ते त्याला त्याच्या गुरुजींनी शिकविले होते. मी त्याने सांगितले तसा चाललो.

सतरापैकी सोळा मुले पुन्हा शाळेत येऊ लागली आहेत. सतराव्याच्या घरी मी उद्या जाणार आहे.